हॉलंडमधलं उलटं फिरणारं चाक

मलकपेठच्या रेसकोर्सवर अमावास्येला बिनमुंडक्याचा घोडा धावतो, ही गोष्ट तुमच्यापैकी कुणी ऐकली असेल तर आधी माफी मागतो. ती मी आठवीत असताना रचलेली आहे. नारायणगुड्याच्या शाळेत डबा खाता खाता पाच पोरांना सांगितली होती. वीस वर्षांनी अफझलगंजला एका ऑटोवाल्याने तीच मला ऐकवली, आणि वर शपथ घेतली की त्याच्या मामूने त्या घोड्याच्या पाठीवर हात फिरवलाय! तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास का नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्याच्या घरीच असला कारखाना आहे तो बाहेरचा माल कशाला घेईल?

मित्रमंडळींत मी 'फेकू' म्हणूनच प्रसिद्ध आहे. पण हे लिहिलेलं आधी माझी बायको शैला वाचणार आहे. ती पुण्याची. माझ्या तोंडून बाहेर पडलेल्या कुठल्याही आकड्याला ती आधी चारने भागते आणि मग विचार करते. तिने जिथे भागाकार केला तिथे मी तसं लिहिलंय.

तर… गोष्ट आमच्या आण्णांची. आण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे उदगीरकडचे शेतकरी, पण जुन्या निजामी राज्यातली बरीच माणसं पोटामागे हैदराबादेत आली तसे तेही आले आणि वॉटर वर्क्समध्ये लाइनमन म्हणून लागले. मलकपेठेच्या गल्ल्यांना पाणी सोडायचं काम. पहाटे चारला काळी सायकल काढायची. दांडीला माणसाएवढी लोखंडी चाबी बांधलेली. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चाबी आत घालायची, डावीकडे फिरवली की पाणी चालू, उजवीकडे फिरवली की बंद. बत्तीस वर्षं. आमचा भाग सगळा चढउतारांचा, आणि उन्हाळ्यात तर डांबर असं वितळायचं की लोक चपला रस्त्यातच सोडून घरी यायचे. (शैला : एकाची चप्पल, एकदा.)

निवृत्तीच्या आधी त्यांच्या ऑफिसात कुणी इंजिनिअर परदेशी जाऊन आला होता. त्याने सगळ्यांना हॉलंडच्या स्लाइड दाखवल्या. समुद्रापेक्षा खाली असलेला देश, सगळा सपाट, जिकडे तिकडे सायकली. आण्णा घरी आले ते वेगळेच.

"आपण जलमभर पाणी आत आणायलोय," ते म्हणाले, "आन ते लोक जलमभर पाणी बाहेर फेकतेत! आन चढ म्हणून कुठंच न्हाई. मग थकतेत तरी कशानं रे?"

त्यानंतर काही वर्षांनी मी त्या देशात पोहोचलो. सॉफ्टवेअरचे दिवस होते. अमीरपेठेत सहा महिन्यांचा कोर्स करून गल्लीतली निम्मी पोरं विमानात बसत होती. दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीने गोऱ्या कंपन्यांना घाम फुटलेला. मला युट्रेख्ट नावाच्या गावी चार महिन्यांसाठी पाठवलं. निघताना आण्णांनी एकच मागणं केलं.

"आठ दिवसांची सुट्टी मिळंल म्हणलास न्हवं? सायकल घे. सावकाश हिंड. पाणी कसं फेकतेत ते बघ आन येऊन सांग. बाकी काही आणू नको."

मी स्टेशनवरून सायकलवाल्यांचा नकाशासुद्धा घेतला. रस्ताही पेन्सिलने आखला : युट्रेख्टहून पश्चिमेला हास्त्रेख्ट, तिथून फ्लिस्ट नावाच्या छोट्याशा नदीच्या काठाने दक्षिणेला श्कूनहोवन. रमतगमत, वाटेत मुक्काम करत.

आणि सुट्टी आली तेव्हा मी बसच्या टूरवर गेलो. आपल्याच लोकांची टूर, बसमध्ये ढोकळा, सात दिवसांत अकरा देश. (शैला : चार.) स्वित्झर्लंडच्या बर्फात कुणाचा तरी लाल कोट उसना घालून फोटो काढले. टूरला निघायच्या आदल्या दिवशी घरी फोन केला तेव्हा म्हणालो, "आण्णा, उद्या निघतो सायकलवर." खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता. तरी नाही सांगितलं. फेकायची सवय एकदा लागली की माणूस गरज नसतानाही फेकतो.

तिसऱ्या दिवशी आण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली. शैलाने ऑफिसात फोन केला तर तिकडून उत्तर आलं की मी सुट्टीवर आहे, कुठे ते माहीत नाही. परत आल्यावर मला कळलं. मिळेल त्या विमानाने मी घरी पोहोचलो, तेव्हा आण्णांना दवाखान्यातून आणलेलं होतं. पलंगावर आडवे, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडातून म्हणाले,

"सायकल… कशी… झाली?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

मी म्हणालो, "फस्क्लास झाली आण्णा. रोज थोडी थोडी सांगतो."

फिजिओथेरपीसाठी एक बाई यायच्या, आम्ही त्यांना डॉक्टरम्मा म्हणायचो. त्या म्हणाल्या, "दोनों पैर पकड़ को सायकल चलाए सरका घुमाओ, रोज आधा घंटा. नागा नक्को." म्हणून रोज, एकही खाडा न करता, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर मी पलंगाच्या पायथ्याशी बसायचो, आण्णांचे तळवे माझ्या हातांवर घ्यायचो आणि त्यांचे पाय गोल गोल फिरवायचो. उशाशी नकाशा उघडलेला. रोज एक टप्पा.

त्या अर्ध्या तासात मी काय काय फेकलं म्हणून सांगू! सात पात्यांची पवनचक्की. ताक पाजणारी म्हातारी, जिला 'बस बस' म्हणालो तर तिला वाटलं बस कुठे मिळते ते विचारतोय. माझ्या मागे तीन कोस चालत आलेली गाय. आई हसायची. शैला स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. बर्फातले फोटो तिच्याच कपाटात साड्यांखाली होते, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तिने मला उघडं पाडलं नाही, एवढंच. पण जेवायला वाढताना म्हणायची, "आज गाय जरा जास्तच चालली हो."

महिनाभराने आण्णांनी पहिल्यांदा मला अडवलं.

मी सांगत होतो की रस्ता वरून जातो आणि पाणी खाली, आपल्या मुसी नदीवरच्या पुलावरून दिसतं तसं. आण्णांनी डोळे मिटले. "न्हाई… पाणी वर. आपण खाली."

मी लगेच म्हणालो, "हौ आण्णा, बरोबर. चुकलो." खोटं बोलणारा माणूस दुरुस्ती फार पटकन मान्य करतो. मनात म्हटलं, स्लाइडमध्ये पाहिलं असेल.

मग हळूहळू ते वाढत गेलं. "वारा समोरून हाय, दमानं घे." "झाडांची डोकी छाटल्यात, बुंधा जाड, वर नुसत्या काड्या." "इथं रस्ता विटांचा. दणके बसतेत." कधी आठ दिवस काहीच बोलायचे नाहीत, कधी एका बैठकीत तीनदा. मी माझी म्हातारी आणि गाय घेऊन पुढे दामटायचो, आणि ते मला मागे आणायचे.

एका संध्याकाळी मी पवनचक्कीपाशी पोहोचलो होतो. आण्णा म्हणाले, "चक्की न्हाई. खोली हाय. विटांची. हिरवं दार."

"हौ, होती होती."

"हास्त्रेख्ट सोडल्यावर… तिसरा पूल. त्याच्या पलीकडं." गावाचं नाव मी रोज घ्यायचो, पण त्यांनी ते माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारलं. (शैला : हे खरं आहे. मी ऐकलं.) "झाकण उचललंस का?"

"कुठलं झाकण?"

"दाराशेजारी. लोखंडी. खाली चाक हाय." बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते, पण हे त्यांना सांगायचंच होतं. "चाक उलटं फिरतंय. उजवीकडं… चालू. बाण काढलाय. तांबडा बाण खोडला, वरून पांढरा."

पाय फिरवता फिरवता मी थांबलो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"आण्णा, तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू गेलतास न्हवं?" म्हणाले. "तूच बघितलं असशील की."

नकाशावर त्या जागी मी पेन्सिलने एक फुली मारली. का मारली ते विचारू नका.

असे सात महिने गेले. उजवा पाय काही परत आला नाही. एकदा, फक्त एकदा, त्याने माझ्या तळव्याला आतून रेटा दिला, पेडल मारतात तसा. डॉक्टरम्मांना सांगितलं तर त्या माझ्याकडे संशयाने बघत म्हणाल्या, "तुम्हारी बातां मेरे को मालूम है." मग एका सकाळी दुसरा झटका आला आणि आण्णा गेले.

माझ्या मनात एकच गोष्ट अडकून राहिली. मी त्यांना शेवटपर्यंत फसवलं. त्यांना कळलं असेल का? कळलं असेल तर ते माझ्याबद्दल काय मनात घेऊन गेले? जन्मभर हजार थापा मारल्या, पण पाय हातात धरून मारलेली ती एकच.

दोन हजार साल आलं आणि गेलं, कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. त्या उन्हाळ्यात मला पुन्हा युट्रेख्टला पाठवलं. या वेळी शैला पंधरा दिवसांसाठी बरोबर आली. पहिल्याच दिवशी तिने बॅगेतून तो नकाशा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, कधी जायचं?"

"कुठे?"

"जिथे तुम्ही जाऊन आलात तिथे."

आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. तिकडच्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं. आणि हैदराबादच्या माणसाला पेडल उलटं फिरवायची खोड! सिग्नलला उभं राहिलो की उलटं, उतारावर उलटं, विचार करताना उलटं. पहिल्या दिवशी मी वीस वेळा चराच्या चिखलात गेलो. (शैला : पाच. भागाकार न करता.) शेवटी एका जागी बसून मी स्वतःशीच मोठ्याने हसलो. सात महिने मी आण्णांना जी सायकल चालवून दाखवत होतो तिला हा ब्रेकच नव्हता. खऱ्या सायकलवर बसलेल्या माणसाने पहिली गोष्ट हीच सांगितली असती.

प्रवास मात्र सुंदर होता… खरंच. घाई नाही, चढ नाही, हॉर्न नाही. माणूस पेडल मारता मारता विचार करू लागतो आणि विचार कुठेही आपटत नाही. मी माझी सात पात्यांची पवनचक्की शोधत होतो. नव्हती. म्हातारी नव्हती. गायी होत्या, पण एकही माझ्या मागे आली नाही. मी सांगितलेलं काहीही, काहीही तिथे नव्हतं.

आणि आण्णांनी सांगितलेलं सगळं होतं.

पाणी वर, रस्ता खाली. होड्या आमच्या डोक्याच्या उंचीवरून जात होत्या. ठीक आहे, स्लाइड. वारा समोरून. तिकडे वारा नेहमीच समोरून असतो, हेही सोडून देऊ. नदीकाठी डोकी छाटलेली जाड बुंध्याची झाडं, वर नुसत्या काड्या. विटांचा रस्ता, दणके. हास्त्रेख्ट मागे पडलं. एक पूल. बऱ्याच वेळाने दुसरा. तिसऱ्याच्या पलीकडे शैलाने, माझ्या पुढे असलेल्या शैलाने, पाय टेकला.

"अहो," ती म्हणाली. "हिरवं दार."

विटांची लहानशी खोली. आत पंप घुमत होता. शेजारी एक उंच म्हातारा रबरी बूट घालून गवत कापत होता. पाण्याची पातळी राखायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणजे आण्णांचाच भाऊबंद म्हणा. दाराशेजारी जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. बंद.

मी इंग्रजीत विचारलं, "याच्याखाली चाक आहे का?"

"आहे."

"उलटं फिरतं?"

त्याने हातातलं विळ्यासारखं हत्यार खाली ठेवलं. जवळ आला आणि झाकण उचललं. खाली गंजकं चाक. त्याच्या कडेला, खरवडून काढलेल्या तांबड्या बाणावर, विरुद्ध दिशेला रंगवलेला पांढरा बाण.

"माझ्या आधीच्या माणसाने बाण चुकीचा काढला होता," तो म्हणाला. "मी नीट केला. पण हे रस्त्यावरून दिसत नाही. आम्हा दोघा-तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू आधी इथे आलायस?"

अशा प्रश्नाला मी आयुष्यात कधी रिकामं उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी मात्र "माझे वडील," एवढंच म्हणालो.

"इथे काम करत होते?"

"वॉटर वर्क्स."

त्याने मान डोलावली, जणू एवढं पुरेसं आहे, आणि झाकण खाली ठेवलं.

आम्ही काठावर बसलो. शैला म्हणाली, "आण्णा इथे आले असतील, तर तुम्ही इथे नव्हतात हे त्यांना दिसलंच असेल."

तिथून पुढे श्कूनहोवनपर्यंत मी सायकल चालवली की ढकलली, आठवत नाही. तिचं ते एकच वाक्य डोक्यात होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी. मी पाय हातात घ्यायचो तेव्हा.

हैदराबादला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आईसमोर बसलो. ती सुपात तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं : बसची टूर, बर्फ, लाल कोट, सात महिन्यांची थाप. आईचे हात थांबले नाहीत.

"तुला वाटलं त्यांना कळलं न्हाई?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"तू पाय धरलेस न्हवं? तू उठून गेल्यावर मला म्हणले, पोरगं सायकलवर बसलंच न्हाई गं. आठ दिवस हँडल धरलेले हात असे मऊ नसतेत."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. कीबोर्डवरचे हात.

"मग मला बोलले का नाहीत? तू तरी बोलायचंस."

"मी म्हणलं की, विचारते त्याला. तर म्हणले, गप बस. आत्ता विचारलंस तर उद्या यायचा न्हाई." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "सहाला टोला पडला की दाराकडं बघायचे. तुला यायला उशीर झाला की मला म्हणायचे, आज कुठं पंक्चर झालाय बघ."

मी मग विचारलं, "आणि ते चाक? हिरवं दार?"

"ते मला काय ठाऊक बाबा," आई म्हणाली. "तूच कधी सांगितलं असशील."

मी नंतर आण्णांच्या बरोबरच्या दोन निवृत्त लाइनमनना भेटलो. मलकपेठच्या सगळ्या लाइनीत उलटा फिरणारा एकही व्हॉल्व नव्हता, असं दोघांनीही सांगितलं. ज्या इंजिनिअरने स्लाइड दाखवल्या होत्या त्यालाही शोधून काढलं. तो त्या नदीकडे कधी गेलाच नव्हता. मी स्वतः तर तिथे पोहोचलो आण्णा गेल्यावर. शैला या भागातला एकही आकडा बदलत नाही.

रेसकोर्सचा घोडा माझा. सात पात्यांची पवनचक्की माझी, ताकवाली म्हातारी माझी, गाय माझी. कुणीही उठून मला खोटारडा म्हणा, मी हात जोडून मान्य करीन.

पण ते चाक मी नव्हतं सांगितलं.